आधी सोसायटी जळाली, मग संसद गेली

आज आपल्याला जरा लांब जायचं आहे, युरोपातल्या इटली देशात, आणि तेही शंभर वर्षं मागे.

फॅसिझम हा शब्द कधीमधी बातम्यांत कानावर पडतो. ऐकला की हिटलर आठवतो, रणगाडे आठवतात, मोठ्या मैदानावरची भाषणं आठवतात. वाटतं, हे राजधानीतलं राजकारण, आपल्या गटाचा त्याच्याशी काय संबंध? पण हा प्रकार ज्या देशात पहिल्यांदा सत्तेवर आला, तिथे त्याची पहिली धाड राजधानीवर पडलीच नव्हती. ती पडली खेड्यापाड्यांतल्या सोसायट्यांवर, शेतमजुरांच्या संघांवर आणि लोकांनी निवडून दिलेल्या नगरपालिकांवर. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

सोप्या भाषेत सांगायचं तर फॅसिझम ही राज्य करण्याची एक रीत आहे. एकच पक्ष, एकच नेता. देशाचं नाव घेऊन सगळ्यांनी गप्प बसायचं. जो विरोधात बोलेल तो देशाचा वैरी, आणि त्याला मारलं तरी ते देशकार्यच. शब्द आला इटालियन भाषेतल्या 'फाशो'वरून. फाशो म्हणजे जुडी, मोळी. जुन्या रोमन काळात मोठ्या अधिकाऱ्यापुढे शिपाई काठ्यांची मोळी घेऊन चालत आणि त्यात कुऱ्हाड खोचलेली असे. एकीची खूण आणि धाकाचीही खूण.

आता इटलीच्या उत्तरेला चला. तिथे पो नावाची मोठी नदी आहे. तिच्या खोऱ्यात गहू, मका, भात आणि साखरेचं बीट पिकतं. शंभर वर्षांपूर्वी तिथली बरीचशी जमीन मोठ्या जमीनदारांकडे होती आणि राबणारे लाखो लोक रोजंदारीवर होते. वर्षातले काही महिने काम, बाकीचे महिने हात रिकामे. भातशेतीत तण काढायला बायकांच्या टोळ्या लांबून येत. दिवसभर पाण्यात पाय, कंबरेतून वाकलेलं अंग आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी. हे चित्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

या लोकांनी हळूहळू आपले संघ उभे केले. कामावर कुणाला घ्यायचं, मजुरी किती द्यायची, हे जमीनदाराने एकट्याने ठरवायचं नाही, संघाशी बोलून ठरवायचं. भातशेतीतल्या बायकांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केले. गावोगावी सहकारी दुकानं निघाली, स्वस्त धान्य मिळू लागलं. बैठकीला आणि वाचायला एखादी खोली किंवा इमारत बांधली गेली. तिला ते 'लोकांचं घर' म्हणत. पैसा पैसा गोळा करून हे सगळं उभं केलेलं होतं.

१९१५ मध्ये इटली पहिल्या महायुद्धात उतरली. सुमारे सहा लाख सैनिक मारले गेले, त्यातले बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे. परत आलात की जमीन देऊ, असं त्यांना सांगितलं होतं. परत आले तर जमीन नाही, काम नाही आणि महागाई भडकलेली. १९१९ आणि १९२० या दोन वर्षांत संपांवर संप झाले. १९१९ च्या निवडणुकीत मजुरांच्या बाजूचा समाजवादी पक्ष १५६ जागा घेऊन सर्वांत मोठा ठरला. पुढच्या वर्षी दोन हजारांवर गावांचा आणि शहरांचा कारभार त्याच्या हाती आला. मजुराचा मुलगा नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसला.

संघांचंही सगळं बरोबर होतं असं नाही. काही ठिकाणी ते लहान शेतकऱ्यांवर दंड बसवत, न ऐकणाऱ्यावर बहिष्कार टाकत. पुढारी क्रांतीची भाषा करत, पण पुढे करायचं काय याची तयारी त्यांच्याकडे नव्हती. त्यामुळे मधल्या लोकांना, दुकानदारांना आणि अल्पभूधारकांना भीती वाटू लागली. ती पुढे कुणाच्या कामी आली ते बघा.

बेनितो मुसोलिनी हा लोहाराचा मुलगा, आई शाळामास्तरीण. आधी तो स्वतःच समाजवादी वर्तमानपत्राचा संपादक होता. महायुद्धात उतरावं असा त्याने आग्रह धरला, तेव्हा १९१४ मध्ये पक्षाने त्याला काढून टाकलं. २३ मार्च १९१९ रोजी मिलान शहरात त्याने आपली संघटना काढली. त्याच वर्षी निवडणूक लढवली आणि त्याला एकही जागा मिळाली नाही.

तीन वर्षांत हाच माणूस पंतप्रधान झाला. कसा झाला, याचं उत्तर पो नदीच्या खोऱ्यात आहे.

२१ नोव्हेंबर १९२० रोजी बोलोन्या शहरात नव्या नगरपालिकेचा पहिला दिवस होता. निवडून आलेले लोक कारभार हाती घेत होते. फॅसिस्टांनी त्या दिवशी हल्ला केला. गोळीबार झाला, माणसं मेली. सरकारने हल्लेखोरांना आवरायचं सोडून ती निवडून आलेली नगरपालिकाच बरखास्त केली. आपलं कुणी काही करत नाही, हे टोळ्यांना त्या दिवशी कळलं.

मग तो हिवाळा आणि पुढचा वसंत या टोळ्यांचाच होता. अंगात काळे सदरे, हातात सोटे. रात्री ट्रकने गावात यायचं, सहकारी दुकान फोडायचं, लोकांचं घर पेटवायचं, संघाची कागदपत्रं रस्त्यावर आणून जाळायची. संघाच्या कार्यकर्त्याला त्याच्या बायकापोरांसमोर घराबाहेर ओढायचं. एरंडेल आपल्याला माहीत आहे, पोट साफ करायला आजी चमचाभर देते. तिथे माणसाला धरून ते जबरदस्तीने भरपूर पाजत आणि कपडे घाण झालेल्या अवस्थेत गावभर फिरवत. मारापेक्षा ही लाज माणसाला जास्त मोडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नगराध्यक्षांकडून राजीनामे लिहून घेतले गेले. ट्रकला आणि पेट्रोलपाण्याला पैसा जमीनदारांचा होता. पोलीस बऱ्याच ठिकाणी बघत उभे राहिले, काही ठिकाणी तर त्यांनी मदत केली.

संघ मोडला की लगेच फॅसिस्टांचा स्वतःचा मजूर संघ निघायचा. काम पाहिजे तर आमच्याकडे नाव नोंदवा. पोटासाठी माणसं गेली. नंतर तेच आकडे दाखवून सांगण्यात आलं की बघा, लोक आमच्या बाजूने आहेत.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एका बाईने लगेच विचारलं, मोठ्या पुढाऱ्यांनी हे थांबवलं का नाही? प्रश्न बरोबर आहे. जुन्या पुढाऱ्यांना वाटलं, या टोळ्यांनी संप मोडून काढले तर बरंच आहे, नंतर यांना आपण काबूत आणू. १९२१ च्या निवडणुकीत पंतप्रधान जोलित्ती यांनी फॅसिस्टांना आपल्या आघाडीत घेतलं. कालपर्यंत घरं जाळणारे ३५ जण खासदार झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये फॅसिस्टांनी राजधानी रोमवर चाल करून जायची घोषणा केली. मंत्रिमंडळाने लष्करी कायदा पुकारायचं ठरवलं, पण राजाने त्यावर सही केली नाही. उलट मुसोलिनीलाच बोलावून सरकार बनवायला सांगितलं. तो मिलानहून रात्रीच्या आगगाडीने रोमला आला. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात जास्त मंत्री इतर पक्षांचेच होते. सगळं कायद्यात बसवून झालं.

पुढचं कामही कायद्यानेच झालं. १९२३ मध्ये निवडणुकीचा नवा कायदा आला. ज्या यादीला सर्वांत जास्त मतं, निदान शंभरात पंचवीस, तिला संसदेच्या दोन तृतीयांश जागा. १९२४ ची निवडणूक धाकदपटशात पार पडली. हे उघड बोलण्याची हिंमत जाकोमो मात्तेओत्ती या खासदाराने केली. तो पो नदीच्या मुखाकडच्या भागातला, घरची जमीन असूनही मजुरांसाठी झटणारा, आणि नगरपालिकांच्या हिशेबातला जाणकार. ३० मे १९२४ रोजी तो संसदेत उभा राहिला. कुठे मतदारांना अडवलं, कुठे उमेदवाराला मारलं, ते आरडाओरड्यातही त्याने एकेक करून सांगितलं. १० जूनला भर दुपारी त्याला रोममध्ये मोटारीत कोंबून नेलं आणि ठार केलं. प्रेत ऑगस्टमध्ये सापडलं. अंत्ययात्रेला फॅसिस्टांचा पहारा नको, काळा सदरा घातलेलं कुणी जवळ नको, असं त्याच्या पत्नीने, वेलियाने, सरकारला कळवलं. त्या दिवसांत एवढं लिहायलाही धाडस लागत होतं.

विरोधी खासदार निषेध म्हणून संसदेबाहेर पडले. राजा काही करेल असं त्यांना वाटलं. राजाने काही केलं नाही. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने संसदेत सांगितलं की जे झालं त्या सगळ्याची जबाबदारी माझी. कुणी त्याला हात लावू शकलं नाही. १९२६ संपेपर्यंत संपावर बंदी आली, बाकीचे पक्ष बंद झाले, विरोधी वर्तमानपत्रं बंद झाली.

मैत्रिणींनो, बायकांच्या मताचं काय झालं ते आता ऐका. इटलीत तोवर बायकांना मत नव्हतं. नोव्हेंबर १९२५ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने काही बायकांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायचा कायदा केला. युद्धात मुलगा किंवा नवरा गमावलेल्या, शिकलेल्या, कर भरणाऱ्या, अशांना. खूप वाजतगाजत केला. आणि तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १९२६ मध्ये दुसरा कायदा आला. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांत यापुढे निवडणूक नाही, सरकार आपला माणूस नेमेल. जणू कायमचा प्रशासक. त्याच वर्षी हा नियम सगळ्या गावांना आणि शहरांना लागू झाला. बायकांना मत मिळालं आणि ते टाकायला निवडणूकच उरली नाही. सुरुवात लहान गावांपासून झाली हेही लक्षात ठेवा.

मग बायकांना काय मिळालं? मिळालं बरंच काही. आई आणि मूल यांच्यासाठी सरकारी संस्था निघाली. खूप मुलं असलेल्या आयांना पदकं मिळाली. १९३३ नंतर खेड्यांतल्या गृहिणींची मोठी संघटना उभी राहिली. तिथे कोंबड्या पाळायला, ससे पाळायला, परसबाग करायला शिकवत. मेळावे होत, सहली होत. दहा वर्षांत वीस लाखांहून जास्त बायका तिच्यात होत्या. खेड्यातल्या शाळांत रेडिओ पोहोचले, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या गटांसारखंच की! वरून पाहिलं तर तसंच दिसतं. फरक कुठे आहे तो बघा. त्या संघटनेच्या बायका आपली अध्यक्ष निवडत नव्हत्या, ती वरून नेमली जायची. काय शिकायचं, पैसा कुठे गेला, हे विचारायची सोय नव्हती. नको म्हणायचीही सोय नव्हती. रेडिओवरून सरकार बोलायचं आणि गावाने ऐकायचं, गावाचा आवाज त्यावरून कधी यायचा नाही. त्याच काळात बायकांना माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकपदापासून दूर ठेवलं गेलं. मोठ्या वर्गांना इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवायला बंदी झाली. १९३८ मध्ये कचेऱ्यांत शंभरात दहाच्या वर बायका नकोत, असा नियम झाला.

१९३५ मध्ये मुसोलिनीने आफ्रिकेतल्या इथिओपियावर हल्ला केला. तिथल्या लोकांवर विषारी वायू सोडला. जगाने इटलीवर व्यापारबंदी घातली, तेव्हा सरकारने बायकांकडे सोनं मागितलं. १८ डिसेंबर १९३५ रोजी राणीने आपली लग्नाची अंगठी दिली. पाठोपाठ लाखो बायकांनी दिली. बदल्यात हातात आली लोखंडी अंगठी. आपल्याकडे जसं मंगळसूत्र, तशी तिकडे ती अंगठी. कुणी मनापासून दिली असेल, कुणी शेजारपाजारच्या धाकाने. पण त्या सोन्यावर जे युद्ध चाललं ते करावं की नाही, हे त्यांतल्या एकीलाही कुणी विचारलं नव्हतं.

ही रीत एका देशापुरती राहिली नाही. जर्मनीत हिटलरच्या पक्षाला १९२८ मध्ये फक्त १२ जागा होत्या. मग जागतिक मंदी आली, साठ लाख लोक बेकार झाले आणि जुलै १९३२ मध्ये त्याच्या जागा २३० झाल्या. ३० जानेवारी १९३३ रोजी तो सत्तेवर आला, तोही जुन्या पुढाऱ्यांच्या मदतीने. मे महिन्यात कामगार संघटना मोडल्या, जुलैत बाकीच्या पक्षांवर बंदी. सहा महिन्यांत काम संपलं. पुढे त्याच राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली.

स्पेनमध्ये बायकांना १९३१ मध्ये मताचा हक्क मिळाला होता. १९३६ मध्ये लष्करी बंड झालं, तीन वर्षं यादवी युद्ध चाललं आणि जनरल फ्रँकोची हुकूमशाही आली. तिथे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरता येत नव्हती, बँकेत खातं उघडता येत नव्हतं. हे १९७५ पर्यंत चाललं. आपल्या हातात पासबुक आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पोर्तुगालमध्ये सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. त्याला आणि फ्रँकोला फॅसिस्ट म्हणावं की नुसते हुकूमशहा, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण पक्षबंदी, छापखान्यांवर पहारा आणि गुप्त पोलीस हे तिथेही होतं. आणि ही राजवट आपल्या दारापर्यंत आलेली होती, कारण गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. तिथे सभा घ्यायची चोरी, लिहायची चोरी. १८ जून १९४६ रोजी मडगावला राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, तिथून लढ्याने जोर धरला. लेखक महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी सुधाताई जोशी १९५५ मध्ये म्हापशाला काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि तिथेच पकडल्या गेल्या. त्यांना तुरुंगवास झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालचे लोक स्वतः मोकळे झाले ते १९७४ मध्ये.

इटलीत या सगळ्याचा शेवट दुसऱ्या महायुद्धात झाला, आणि त्यासाठी आपल्या मराठी घरांनीही किंमत मोजली. रायगडच्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर गोळ्यांच्या माऱ्यातून जखमी सोबत्यांना सुरक्षित जागी पोचवलं आणि मग एकट्याने शत्रूच्या मशिनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेनियो नदी आहे त्याच मुलखात, जिथे पंचवीस वर्षांपूर्वी सोसायट्या जळाल्या होत्या. इंग्रज सरकारच्या फौजेत, स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना, ही पोरं तिथे लढली.

इटलीच्या बायकाही लढल्या. सायकलवरून निरोप पोचवले, भाजीच्या टोपलीखाली हत्यारं नेली, लपलेल्यांना घरात आसरा दिला. पकडल्या गेलेल्या कित्येकींचा छळ झाला. मार्च १९४६ मध्ये गावोगावच्या निवडणुका पुन्हा सुरू झाल्या, आणि वीस वर्षांपूर्वी हातातून काढून घेतलेलं मत बायकांनी पहिल्यांदा टाकलं, तेही आपापल्या गावच्या कारभारासाठी. २ जून १९४६ रोजी त्यांनी देशासाठी मत दिलं. त्या दिवशी लोकांनी राजेशाही संपवली. घटना लिहिणाऱ्या ५५६ जणांच्या सभेत २१ बायका निवडून गेल्या. पो नदीच्या खोऱ्यात सहकारी संस्था पुन्हा उभ्या राहिल्या, त्या आजही आहेत.

मैत्रिणींनो, आपल्या गावात असं काही होणार आहे, असं भय घालायला आम्ही हे सांगितलं नाही. पण ज्या गोष्टी तिथे आधी मोडल्या गेल्या, त्या नेमक्या आपल्याकडे आहेत. गट आहे, ग्रामसभा आहे, सोसायटी आहे, हिशेबाची वही आहे. या गोष्टी लहान वाटतात म्हणून कुणी त्यांच्यासाठी भांडत नाही. तिथल्या टोळ्यांना मात्र त्या लहान वाटल्या नव्हत्या, नाहीतर रात्री ट्रक भरून त्या जाळायला आल्या नसत्या.

येत्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. आपल्या गटाची अध्यक्ष शेवटची कधी बदलली, आणि ती आपण निवडली की कुणी सुचवली म्हणून माना डोलावल्या? हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो का? आणि एखादीने ठरावाला नको म्हटलं, तर तिचं नको वहीत लिहिलं जातं का? उत्तरं आम्हाला कळवा. आपण पुढच्या भागात ती वाचून दाखवू.